नऊ मुलांची संडे स्कूल आणि बारावीनंतर रिकामा होणारा तरुण संघ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की किनाऱ्यावरच्या तुमच्या छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंचवीसेक कुटुंबं, संडे स्कूलला, म्हणजे रविवारच्या बायबल वर्गाला, येणारी मुलं नऊ, सगळ्यात धाकटं चार वर्षांचं आणि थोरला पंधराचा, खोली एकच, शिकवायला तुम्ही आणि एक ताई, सेशननं, म्हणजे पाळक (धर्मगुरू) आणि मंडळीनं निवडलेले वडील ह्यांच्या सभेनं, सहा महिन्यांपूर्वी हे काम तुमच्यावर सोपवलंय, तरुण संघातली तिघं यंदा बारावीला आहेत म्हणजे जूनमध्ये मुंबई नाहीतर पुणे गाठणार, आणि मुंबईच्या मोठ्या मंडळ्यांत वयानुसार वर्ग, बँड, कॅम्प असं जे चालतं ते इथे कसं उभं करायचं.

दादा, इथे ते उभं करू नका. मी अठ्ठावीस वर्षं हे काम केलंय, त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही हेच करायला गेले, मुंबईहून पुस्तकं मागवली, नऊ-दहा मुलांचे तीन वर्ग पाडले, आणि एका वर्गात एकच मुलगी उरली, ती बिचारी दर रविवारी एकटी माझ्यासमोर बसून रडवेली व्हायची. मोठ्या मंडळीत मुलांना सगळी मोठी माणसं ओळखत नाहीत म्हणून वेगळे वर्ग, वेगळी माणसं नेमावी लागतात, तुमच्याकडे तर नऊच्या नऊ मुलांची नावं, त्यांच्या आजीची नावं, कोणाला कुठला ताप येऊन गेला हे सगळं मंडळीला माहीत आहे, हे भांडवल वापरायचं सोडून आपण मुलांना वेगळ्या खोलीत नेऊन बसवतो आणि मग पंधरा वर्षांनी विचारतो की ही उपासनेला का येत नाहीत.

आपल्या प्रेसबिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभेनं मंडळी चालवायच्या, वळणात ही गोष्ट मुळातच पक्की आहे. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा आईबाप वचन देतात आणि आमच्याकडे मग सगळी मंडळी उभी राहून वचन देते, की ह्या लेकराला प्रभूच्या शिक्षणात वाढवायला आम्ही हातभार लावू. ते मूल त्या दिवसापासून मंडळीचं आहे, मोठं झाल्यावर होणार आहे असं नाही. वेस्टमिन्स्टरच्या लहान प्रश्नोत्तरावलीत, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून विश्वास शिकवणाऱ्या आपल्या जुन्या पुस्तकात, ९५ वा प्रश्नच ह्यावर आहे, बाप्तिस्मा कोणाला द्यावा, आणि उत्तरात सभासदांची तान्ही मुलं येतात. आता १९७० साली वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) झाली तेव्हा बाप्टिस्ट, ब्रदरन ह्यांच्या मंडळ्याही त्यात आल्या, त्यामुळे तुमच्यातल्या एखाद्या घरात बाळाचं नुसतं समर्पण करून बाप्तिस्मा मोठेपणी घेत असतील, तेही आपल्याच मंडळीत मान्य आहे, त्या मुलांना दुय्यम वागवू नका, हजेरीत दोघांत फरक नको.

आणि शिकवण्याचं म्हणाल तर आपल्या परंपरेत मुलांना शिकवणं हे कधी कोपऱ्यातल्या खोलीतलं काम नव्हतंच. १५६० साली स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारक जॉन नॉक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी मंडळीची घडी कशी असावी ह्याचं जे पुस्तक लिहिलं, त्यात प्रत्येक मंडळीला शाळामास्तर हवा असं आहे आणि रविवारी दुपारी मुलांची प्रश्नोत्तरं सगळ्या लोकांसमोर घ्यायची असंही आहे. म्हणजे पोरं उत्तर देतायत आणि मागे बसलेले बाप्ये-बाया ऐकतायत, त्यातले निम्मे स्वतःच तेव्हा शिकत असणार. त्याच स्कॉटलंडचे मिशनरी १८२३ मध्ये आपल्या बाणकोटला उतरले आणि त्यांनीही बाणकोट-हर्णै भागात आधी शाळाच काढल्या. पुढे अमेरिकन प्रेसबिटेरियन कोल्हापूरहून घाट उतरून रत्नागिरी, वेंगुर्ल्याकडे आले, त्यांनीही शाळा, बोर्डिंग, दवाखाने हेच केलं. म्हणून मी म्हणते की संडे स्कूल हा मंडळीचा एक विभाग वगैरे समजू नका, ते अख्ख्या मंडळीनं दिलेलं वचन आहे आणि ते पाळायला तुम्हाला पुढे केलंय एवढंच. सेशनच्या पुढच्या बैठकीत हे शब्दांत मांडा, प्रत्येक वडिलांना दोन-दोन मुलं वाटून द्या, वाढदिवस लक्षात ठेवणं, आजारपणात घरी जाणं, परीक्षेच्या आधी प्रार्थना करणं, इतकंच काम, पण नावानिशी आणि मिनिटबुकात लिहून.

आता एकच खोली आणि चार ते पंधरा वय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, वाडीवरची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एका पडवीत, पट कधी अकरा तर कधी सात, त्यामुळे मला ह्याचं भय कधी वाटलं नाही. तिथे जे करतो तेच करायचं. गोष्ट सगळ्यांना एकत्र, दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नको. मग काम वेगवेगळं. धाकट्यांना गोष्टीतलं एक काहीतरी हातानं करायला द्या, मधल्यांना एक वचन पाठ आणि त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत, आणि मोठ्या दोन-तिघांना पुढच्या रविवारची गोष्ट सांगण्याची तयारी. पंधरा वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्या मुलाशेजारी नुसतं ऐकायला बसवलंत तर तो महिनाभरात येणं बंद करेल, पण त्याला सांगणारा केलंत तर शनिवारी रात्री तोच तुम्हाला फोन करून विचारेल की योनाला मासा कुठे नेऊन ओकला.

साहित्यावर पैसे घालवू नका. माझ्याकडे एक फळ्यांची उथळ पेटी होती, आंब्याच्या खोक्याचीच, त्यात किनाऱ्यावरची वाळू घातलेली. वाळूवर बोटानं रेघ ओढली की यार्देन नदी झाली, चार शिंपले ठेवले की गालील समुद्रातल्या होड्या, करवंटी उपडी घातली की डोंगर. मुलांना वाळूत बोट फिरवायला मिळालं की ती गप्प बसतात आणि गोष्ट डोळ्यांनी बघतात. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं. एवढ्यावर मी कितीतरी वर्षं काढली. एकदा येशूचा शिष्य पेत्र ह्याच्या जाळ्याची गोष्ट चालली होती, रात्रभर काही मिळालं नाही आणि सकाळी येशूनं परत जाळं टाकायला सांगितलं तर ते फाटेस्तोवर मासळी, तर शेजारच्या वाडीतला एक मुलगा, घरची मासेमारी, उठून म्हणाला बाई जाळी धुतली होती ना, म्हणजे काम आटपलं होतं, धुतलेलं जाळं परत पाण्यात घालायला कोणी तयार होत नाही. लूकच्या पाचव्या अध्यायात ते धुतल्याचं लिहिलंय, मी ते इतक्या वेळा वाचलं होतं पण पेत्राला ती आज्ञा किती जड गेली असेल हे मला त्या मुलानं शिकवलं.

तो मुलगा आपल्या मंडळीतला नव्हता, म्हणून इथेच सांगते. शेजारची मुलं हौसेनं येतात, गाणी असतात, खाऊ असतो. त्यांच्या आईबापांना आधी घरी जाऊन सांगा की इथे बायबलच्या गोष्टी सांगतो, प्रार्थना होते, तुम्हाला चालेल का, आणि चालेल म्हणाले तर एका कागदावर सही घ्या. नाही म्हणाले तर मुलाला प्रेमानं घरी पाठवा. खाऊचं आमिष दाखवल्यासारखं काहीही करू नका. गावात आपण पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सुखदुःखाला जातो, तो विश्वास मोडून मिळवलेली हजेरी देवाला नको आहे.

वेळेबद्दल माझं मत ठाम आहे, संडे स्कूल उपासनेच्या वेळेत ठेवू नका. आधी ठेवा, नऊला सुरू करून पावणेदहाला संपवा आणि दहाच्या उपासनेला मुलांना घेऊन आत जा. फार तर उपदेशाच्या वेळी सहाच्या खालच्यांना बाहेर न्या. कुरकुर होईल, कोणी मागे वळून बघेल, बघू द्या. आणि मुलांना आत काम द्या. घंटा वाजवणं, उपासना संगीताची पुस्तकं वाटणं, दानाची थैली फिरवणं, आणि महिन्यातून एकदा शास्त्रपाठ वाचणं.

शास्त्रपाठाचं एक सांगतेच. आमच्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा अडखळत बोलायचा, श आणि स वर जीभ अडायची. त्याचा नंबर आला तेव्हा त्याची आई म्हणाली बाई ह्याला नको, हसतील. मी त्याच्यासोबत बुधवार, शुक्रवार, शनिवार असं तीन संध्याकाळी ओट्यावर बसून वाचून घेतलं आणि मंडळीतल्या वडिलांना सांगून ठेवलं की तो अडला तर कोणीही शब्द पुरवायचा नाही, मागून पाळकसाहेबांनीसुद्धा नाही. पाठ होता पहिल्या शमुवेलाचा तिसरा अध्याय, म्हणजे श आणि स नीच भरलेला. जुलै महिना, पत्र्यावर पाऊस. तो उभा राहिला, पहिल्या ओळीतच शमुवेलावर अडला, पंधरा-वीस सेकंद गेली असतील, पावसाशिवाय कसला आवाज नाही, समोरच्या बाकावरच्या ऐंशी वर्षांच्या आजींनी मान खाली घालून हात जोडले होते, आणि मग तो शब्द आला. बोल, तुझा दास ऐकत आहे ह्या वचनापर्यंत पोचायला त्याला सहा मिनिटं लागली आणि तोपर्यंत कोणी खोकललंही नाही. त्या दिवसानंतर आजींनी त्याला आपल्या शेजारची जागा दिली, ती त्या वारल्या तोपर्यंत त्याचीच होती.

गाण्यांचंही तसंच करा. ॲक्शन साँग घ्या, धाकट्यांना लागतातच, हिंदी-इंग्रजी गाणी तरुणांना आवडतात तीही घ्या, पण महिन्याला एक मराठी अभंग किंवा भजन पक्कं पाठ करून घ्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपल्या दापोली तालुक्यातल्या करजगावचे, १८६१ चा जन्म, त्यांनी मराठी मंडळीला ओवी-अभंगाच्या चालीत गायला लावलं, ती पदं आपल्या म्हाताऱ्यांना पुस्तक न उघडता येतात. मुलांना ती आली की आजोबा आणि नातू एका सुरात गातात, नाहीतर तरुणांच्या गाण्याला म्हातारे गप्प आणि म्हाताऱ्यांच्या गाण्याला तरुण मोबाईलमध्ये.

घराबद्दल आता. आठवड्यातली पाऊण तासाची संडे स्कूल म्हणजे वर्षाचे चाळीसेक तास, त्यात गणपतीच्या सुट्ट्या, पावसाचे रविवार वजा करा. तेवढ्यात विश्वास रुजत नाही. बायबलमधल्या अनुवाद ह्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात म्हटलंय की घरी बसता, वाटेनं चालता, निजता, उठता मुलांशी बोला. तर प्रत्येक घरी जाऊन बसा आणि दिवेलागणीची प्रार्थना परत सुरू करायला सांगा, पूर्वी सगळ्या घरांत होती, सिरियलनी ती मोडली. मी आयांना सांगायचे, भात चुलीवर ठेवल्यावर तो शिजेपर्यंतची वेळ देवाची. एक छोटा उतारा, मुलानं वाचायचा, एक गाणं, प्रभूची प्रार्थना, झालं. बाप बोटीवर किंवा मुंबईत असेल तर आईनं, आई थकलेली असेल तर आजीनं. प्रेषित पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याची आजी लोईस आणि आई युनीके ह्यांची नावं पौलानं पत्रात घातलीयत, आणि तीमथ्याला लहानपणापासून शास्त्र माहीत होतं असंही तो लिहितो.

मे महिन्यातल्या सुट्टीच्या बायबल शाळेचं, म्हणजे व्हीबीएसचं, विचारलंयत. करा, पण पाच दिवस पुरे, सकाळी आठ ते साडेदहा, नंतर उन्हानं पोरं हैराण होतात. एका वर्षी आम्ही शहरातून टीम बोलावून दहा दिवसांची केली, मंडप, बॅनर, टीशर्ट, चाकरमान्यांची मुलं धरून सत्तर हजेरी, आंब्याचा हंगाम भरात असल्यामुळे अर्ध्या बायका पेट्या भरायला, स्वयंपाकाला माणूस नाही, मी आणि पाळकीणबाईंनी दहा दिवस पोहे-शिरा केला. जूनच्या पहिल्या रविवारी संडे स्कूलला सहा मुलं. टीम चांगली होती, दोष आमचा, की त्या दहा दिवसांत आमच्या मोठ्या मुलांच्या हातात काहीच काम नव्हतं, ती पाहुण्यांसारखी बसली होती. त्यानंतर आम्ही आमच्याच नववी-दहावीच्या मुलांना एप्रिलमध्ये तयार करून त्यांनाच गट दिले, गाणी थोडी बेसूर झाली, पण जूनमध्ये ती मुलं परत आली कारण धाकटी त्यांना वाटेत दादा-ताई म्हणून हाका मारत होती.

सुरक्षिततेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी ते सगळ्यात आधी करा. एक मोठं माणूस आणि एक मूल बंद खोलीत कधीही नाही, दोन मोठी माणसं कायम, त्यातली एक बाई, दार उघडं. मुलांना गाडीवरून एकट्यानं सोडायला जायचं नाही. व्हॉट्सॲपवर मुलामुलीशी वेगळं खाजगी बोलणं नाही, ग्रुपमध्येच, त्यात एक पालक हवा. फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात १८ च्या खालचं प्रत्येकजण मूल आहे, आणि अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी शंका आली तर पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा, मुलांना पाठ करून घ्या. एका मंडळीत मी मोठ्या माणसांना असं म्हणताना ऐकलंय की बाहेर कशाला, आपण बसून मिटवू, मंडळीची अब्रू जाईल. ज्या मुलीवर हे ओढवलं होतं तिच्याकडे तेव्हा कोणी बघतही नव्हतं. तुमच्या सेशनमध्ये हे वाक्य कोणी उच्चारलं तर तिथल्या तिथे उभे राहा, काम गेलं तरी चालेल.

तरुण संघ तीन माणसांचा असो की तेराचा, तो चालवायचा. पण दर रविवारी संध्याकाळी मीटिंग, भाषण, चहा, असं करून कोकणातली पोरं टिकत नाहीत, ती संध्याकाळी क्रिकेटला जातात, आणि जावंच. त्यांना मंडळीचं खरं काम द्या. मेअखेरीस आपल्या देवळाची, म्हणजे चर्चच्या इमारतीची, कौलं शाकारायची असतात, तेव्हा ज्यांना ते काम येतं अशा दोन म्हाताऱ्यांच्या हाताखाली मुलांना लावा. आम्ही रांग करायचो, खालून वर कौल हातोहात जायचं, मी मध्ये उभी असायचे. एका वर्षी माझ्या खालच्या पायरीवरचा अकरावीतला मुलगा कौल हातात धरून थांबला, वर बघितलंच नाही, म्हणाला बाई, बाबांची दारू सुटावी म्हणून मी आठवीपासून प्रार्थना करतोय, देव ऐकत नाही की ऐकून गप्प बसतो. वरचे ओरडायला लागले कौल पाठव म्हणून. मी ते त्याच्या हातातून घेऊन वर दिलं आणि म्हटलं मलाही माहीत नाही, पण स्तोत्रसंहितेत हेच विचारलेली स्तोत्रं आहेत, संध्याकाळी ये, वाचू. तेरावं वाचलं, मग अठ्ठ्याऐंशीवं, जे अंधाराच्या शब्दावर संपतं. त्याला आवडलं की बायबलमध्ये असंही लिहिलेलं आहे. मी हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडून विचारलं असतं की कोणाच्या काही शंका, तर तो प्रश्न जन्मात आला नसता.

प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या विधीला, बसण्याआधीची शिकवण ह्याच वयात घ्या, चौदा ते सोळा, आणि घाईनं तीन रविवारांत उरकू नका, निदान चार महिने. प्रश्नोत्तरावलीतले सगळे १०७ प्रश्न पाठ करून घ्यायची गरज नाही, पण पहिला घ्याच, माणसाचं मुख्य ध्येय काय, तर देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. दहावी-बारावीच्या टक्क्यांत पिळून निघालेल्या मुलाला हा प्रश्न विचारून बघा, तो चमकून बघतो, कारण त्याचं ध्येय सीईटी आहे असंच सगळ्यांनी त्याला सांगितलेलं असतं. शेवटचे दहा, ९८ पासून १०७ पर्यंत, प्रार्थनेवर आहेत, तेही घ्या. परीक्षा सेशनसमोर होते तेव्हा वडिलांना आधी विनंती करा की त्यांनी पण प्रत्येकी एक प्रसंग सांगावा, त्यांचा विश्वास कधी डळमळला होता, मुलांनी नुसती उत्तरं द्यायची आणि मोठ्यांनी नुसती माना डोलवायच्या असं नको.

आणि बारावीनंतर जाणारे. ती जाणारच, इथे कॉलेज नाही, नोकरी नाही, त्यात मुलांचं काही चुकत नाही आणि तुमचंही अपयश नाही. पण जाताना ती कोणाच्या तरी हातात द्यायची असतात. आपल्याकडे सभासदानं मंडळी बदलली की दाखला द्यायची जुनी पद्धत आहे, आता तो फक्त लग्नाच्या वेळी आठवतो. तुम्ही तो आधीच द्या. मूल कुठे राहणार, हॉस्टेल की मामाकडे, जवळची मंडळी कुठली, लोकलचं स्टेशन कुठलं हे विचारून घ्या, तिथल्या पाळकांना आधी फोन करा, मग पत्र, त्यात लिहा की ही मुलगी आमच्याकडे तीन वर्षं धाकट्यांना शिकवते, पेटी वाजवते, तिला काम द्या. काम द्या हे शब्द विसरू नका, नुसतं सांभाळा लिहिलंत तर कोणी सांभाळत नाही. निघण्याच्या आदल्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर पुढे बोलावून प्रार्थना, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी दुपारी तुम्ही स्वतः फोन करून विचारायचं, गेलीस का, कोण भेटलं, जेवलीस कुठे. ज्या वडिलांकडे ते मूल वाटून दिलेलं होतं त्यांनीही करायचा. ख्रिसमसला, मे महिन्यात गावी आली की त्या रविवारी शास्त्रपाठ त्यांचा.

तुमच्या तिघांचा निकाल मेमध्येच लागेल, त्या आठवड्यातच पत्रं लिहून पाळकसाहेबांची सही घेऊन ठेवा, ॲडमिशनच्या धावपळीत मुलं कधी एसटीत बसून निघून जातात कळत नाही.